सागाचे वाटेकरी

जयपूरच्या बनी पार्कमध्ये रस्त्यांना देवांची आणि संतांची नावं आहेत. कबीर मार्ग, शिव मार्ग, देवी मार्ग. रेल्वे स्टेशनपासून फार लांब नसलेली, कलेक्टर कचेरीच्या आसपास पसरलेली ही वस्ती. इथल्या काही जुन्या कोठ्यांची आता हॉटेलं झाली आहेत आणि त्यांच्या भारी लाकडी दारांवर पितळेची कडी वाजते. राजस्थानी कानाला या वस्तीच्या नावात ‘बणी’ ऐकू येते. बणी म्हणजे राखलेली छोटी झाडी. अलवरकडे देवाच्या नावाने सोडलेल्या झाडीला देवबणी म्हणतात, मारवाडात ओरण. तिथे गुरं चरतात, पाणी मुरतं, पाखरं राहतात. पडलेली वाळकी काटकी उचलावी की नाही याचे नियम गावागणिक निराळे. हिरव्या फांदीला कुऱ्हाड लावायची नाही, हा नियम मात्र बहुतेक सगळीकडे एकच.

बणीतल्या झाडाला हात लावायचा नाही आणि दुसऱ्या कुठल्या तरी झाडाशिवाय घराला दार बसत नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या श्रद्धेत शेकडो वर्षं शेजारी शेजारी राहिल्या आहेत. जयपूर हे जैनांचंही मोठं शहर. श्रावकाने, म्हणजे गृहस्थ जैनाने, कोणते धंदे करू नयेत याची पंधरा नावांची एक जुनी यादी जैन परंपरेत आहे. ‘उपासकदशा’ या आगमात ती येते आणि बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त ती पुन्हा उलगडून सांगितली. यादीत अगदी सुरुवातीलाच इंगालकम्म आणि वणकम्म हे दोन धंदे आहेत. पहिला कोळसा पाडण्याचा, दुसरा जंगल तोडून विकण्याचा. यादी धंद्यांची आहे, त्यामुळे दाराबद्दल तिला काही म्हणायचं नाही. श्रावकाने जंगल तोडू नये हे तिने सांगितलं. दार तर हवंच, मग झाड कोणी तोडायचं?

मराठी घरात हा प्रश्न लहानपणीच कानावर पडतो, पण झाडाच्या संदर्भात नव्हे. वाल्या कोळ्याला नारद विचारतो, की हे सगळं ज्यांच्यासाठी करतोस ते तुझ्या पापाचे वाटेकरी होतील का? वाल्या घरी जाऊन विचारतो. बायको-मुलं म्हणतात, पोसणं हे तुझं काम, पाप तुझं तुझ्यापाशी. गोष्ट पुढे वाल्याच्या मागे जाते, त्याच्यावर वारूळ चढतं, त्याचा वाल्मीकी होतो. घरी राहिलेल्या माणसांचं काय झालं हे कोणी सांगत नाही. ती त्याच धान्यावर जेवत राहिली असणार.

लाकडाच्या बाबतीत घरी राहिलेली माणसं म्हणजे दारं-खिडक्या वापरणारे आपण सगळे. आणि रानात गेलेला वाल्या शोधायचा असेल तर आलापल्ली गाठावी लागते.

उत्तर भारतातल्या लाकूडबाजारात चांगल्या सागाला अजूनही ‘सीपी टीक’ म्हणतात. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, इंग्रजी अमदानीतला मध्य प्रांत. तो प्रांत नकाशावरून गेल्याला सत्तर वर्षं उलटली, नाव लाकडाला चिकटून राहिलं. या सागातला नामांकित साग येतो तो गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरी तालुक्यातून, आलापल्लीच्या जंगलातून. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तोवर हा सगळा मुलूख चंद्रपूर, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्यात होता. अहेरीची जमीनदारी गोंड राजघराण्याची. आलापल्लीच्या नावातली ‘पल्ली’ तेलुगू आहे, कारण प्राणहिता नदी ओलांडली की पलीकडे तेलंगणच. इथल्या बाजारात मराठी, तेलुगू आणि गोंडी-माडिया एकमेकींत मिसळून बोलल्या जातात, आणि शेजारच्या मुलचेरा भागात फाळणीनंतर वसवलेल्या बंगाली कुटुंबांची गावं आहेत. इथून रस्ता हेमलकशावरून भामरागडकडे जातो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं, आणि मग या बाजूला शेवटचं मोठं गाव उरतं ते आलापल्लीच.

आलापल्लीला नुसतं गाव म्हणणं अपुरं आहे. शेतीच्या गावाचा जीव पांढरीत आणि काळीत, म्हणजे वस्तीत आणि शेतात असतो. या वस्तीचा जीव जंगलखात्याच्या आवारात होता. कचेऱ्या, साहेबांचे बंगले, कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स, आरागिरणी आणि लाकडाचा डेपो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे, पूल आणि सरकारी इमारती यांना लाकूड हवं झालं तेव्हा इंग्रज सरकारने जंगलखातं उभं केलं. १८७८च्या वनकायद्याने राखीव जंगल नावाची गोष्ट पक्की केली आणि ज्या रानात माडिया माणूस कोणाला न विचारता फिरत होता ते एका रेघेने सरकारी झालं. त्यानंतर या जंगलाचे कप्पे पडले, कप्प्यांना नंबर पडले आणि दरवर्षी तोडायच्या तुकड्याला ‘कूप’ हा शब्द रूढ झाला. मूळ शब्द इंग्रजांच्या वनशास्त्रातला, त्यांनी तो फ्रेंचांकडून घेतलेला. आज तो मजुरांच्या बोलण्यात इतका मुरला आहे की विहिरीच्या संस्कृत नावाशी त्याचा काही संबंध नाही हे सांगावं लागतं.

कुपाचं काम पावसाळा सरल्यावर निघतं. आधी झाडांची आखणी होते. तोडायच्या झाडाच्या खोडावर साल खरवडून नंबर टाकतात आणि सरकारी हातोड्याचा ठसा उमटवतात, एक छातीच्या उंचीवर आणि एक बुंध्याशी, जमिनीलगत. झाड पडलं की वरचा भाग ओंडका होऊन जातो, खालचा ठसा थुटावर राहतो. ओंडका आणि थूट यांचा मेळ बसला तर तोड कायदेशीर, नाही तर चोरी. मग ओंडक्याची लांबी आणि गोलाई मोजून नोंद होते, वाहतुकीचा परवाना निघतो, माल डेपोत येतो, थप्प्या लागतात आणि लिलाव पुकारला जातो. पूर्वी दूरच्या कुपातून ओंडके ओढून आणायला बैल आणि हत्ती असत. कमलापूर आणि पातानील इथल्या सरकारी हत्तींच्या छावण्या त्याच कामासाठी उभ्या राहिल्या. ट्रक आणि यंत्रं आल्यावर हत्तींना काम उरलं नाही, तरी हत्ती राहिले, त्यांना पिल्लं झाली आणि कमलापूर हे लोकांनी हत्ती पाहायला जायचं ठिकाण झालं. २०२२ साली पातानीलचे हत्ती गुजरातेत, जामनगरच्या एका मंदिर न्यासाच्या हत्ती केंद्रात नेण्यात आले. कमलापूरचे हत्ती हलवायला मात्र तिथल्या लोकांनी विरोध केला. हत्तींनी आपल्या रानातलं लाकूड वाहिलं, तेव्हा त्यांच्यावर आपलाही हक्क आहे, असं एखाद्या गावाला वाटणं ही साधी गोष्ट नाही.

आलापल्लीपासून भामरागडच्या रस्त्याने सुमारे सोळा किलोमीटर गेलं की सहा हेक्टरांचा एक तुकडा लागतो. त्याला ‘वनवैभव’ म्हणतात. या तुकड्यात तोड होत नाही. झाड आपल्या वयाने मरतं आणि जिथे पडतं तिथेच कुजतं. दोन-तीन माणसांनी हात धरले तरी कवेत मावणार नाहीत असे साग इथे आहेत. २०१४ साली हा तुकडा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित झाला, महाराष्ट्रातलं हे पहिलंच. ज्या खात्याचं काम तोडणं, त्यानेच सहा हेक्टर न तोडता ठेवले. जंगल तोडणाऱ्या वस्तीनेही आपली एक बणी राखावी, याला योगायोग म्हणणं बरोबर वाटत नाही. भोवतालच्या कुपांसमोर सहा हेक्टर म्हणजे काहीच नव्हे, तरी काहीतरी शिल्लक ठेवल्याशिवाय घेऊ नये ही जाणीव त्यात आहे, आणि ती सरकारी परिपत्रकापेक्षा जुनी आहे.

किती जुनी, ते शास्त्रांत सापडतं. झाडांना आतून जाणीव असते, सुखदुःख असतं, असं मनुस्मृती पहिल्याच अध्यायात म्हणते. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू भरद्वाजाला झाडं ऐकतात, पाहतात, वास घेतात हे एकेक उदाहरण देऊन पटवतो. सरपणासाठी हिरवं झाड पाडणं हे मनुस्मृतीत उपपातकांच्या यादीत आहे, आणि फळझाड तोडल्यास शंभर ऋचा म्हणाव्यात असं प्रायश्चित्तही तिथेच आहे. पण याच परंपरेने घरं बांधली, रथ केले, यज्ञाचे यूप उभारले, चिता रचल्या. लाकडाशिवाय तिचं एक पाऊल पुढे पडलं नसतं. म्हणून खरा धार्मिक प्रश्न ‘तोडावं की नाही’ एवढाच कधी नव्हता. तोडण्याआधी काय करायचं आणि तोडल्यानंतर ते कोणाच्या माथी, हे दोन प्रश्न त्याच्या पोटात होते.

पहिल्या प्रश्नाचं सर्वांत तपशीलवार उत्तर सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने दिलं आहे. ‘बृहत्संहिते’त मूर्तीसाठी लाकूड आणायला रानात कसं शिरावं यावर एक अख्खा अध्याय आहे. स्मशानातलं, देवळाजवळचं, वारुळाशेजारचं झाड घेऊ नये. कोणी घागरी वाहून वाढवलेलं झाड घेऊ नये. विजेने, वाऱ्याने, हत्तीने मोडलेलं नको, मधाचं पोळं असलेलं नको. झाड ठरलं की आदल्या रात्री त्याची पूजा करायची, नैवेद्य ठेवायचा आणि त्यावर राहणाऱ्या भुताखेतांना, नागांना, देवगणांना विनवायचं, की हा बळी घ्या, दुसरीकडे बिऱ्हाड करा आणि आम्हाला क्षमा करा. सकाळी झाडावर पाणी शिंपडून, मध आणि तूप माखलेल्या कुऱ्हाडीने ईशान्येकडून पहिला घाव घालायचा. आजच्या वाचकाला हे सारं कर्मकांड वाटेल. नीट पाहिलं तर ही भाडेकरूंना दिलेली नोटीस आहे, आणि मालकी आपली नाही याची कबुली आहे. एका रात्रीची मुदत थोडीच, पण तेवढ्यानेही तिच्यामागे बाजार लावता येत नाही. या पद्धतीने एका झाडाला एक रात्र लागते. कूप तोडता येत नाही.

पुरीला ही रीत आजही जिवंत आहे. जगन्नाथाच्या मूर्ती कडुनिंबाच्या, आणि आषाढ अधिक येतो अशा वर्षी त्या नव्याने घडवल्या जातात. या विधीला नवकलेवर म्हणतात, अलीकडे तो १९९६ आणि २०१५ साली झाला. दइतापती नावाचे देवाचे सेवेकरी रानोमाळ हिंडून झाड शोधतात. जवळ वारूळ हवं, साप हवा, स्मशान हवं, नदी किंवा तळं हवं, आणि फांदीवर घरटं नको. स्मशान आणि वारूळ वराहमिहिराने टाळायला सांगितलं होतं, पुरीने नेमकं तेच मागितलं. घरट्याबद्दलची काळजी मात्र इथेही सुटली नाही. जुन्या मूर्ती देवळाच्या आवारात पुरल्या जातात आणि दइतापती घरातलं माणूस गेल्यासारखं सुतक पाळतात. लाकडासाठी सुतक. झाडाचं मरण कोणाच्या माथी, याचं इतकं स्वच्छ उत्तर दुसरीकडे सापडणं कठीण आहे. ज्यांनी ते लाकूड देव म्हणून पुजलं, त्यांनीच त्याचं मरण आपल्या घरात घेतलं.

पण बहुतेक धर्मांनी हे उत्तर टिकवलं नाही. बौद्ध विनयातली एक गोष्ट या दृष्टीने विलक्षण आहे. आळवी इथले भिक्षू विहाराच्या बांधकामासाठी झाडं तोडत होते. एका झाडावर राहणाऱ्या देवतेने विनवलं, माझं घर तोडू नका. भिक्षूने ऐकलं नाही आणि कुऱ्हाडीचा घाव देवतेच्या लेकराच्या हाताला बसला. त्याला मारून टाकावं असं तिच्या मनात आलं, पण ती बुद्धाकडे गेली. बुद्धाने तिला राहायला दुसरं झाड दिलं आणि भिक्षूंनी हिरवी झाडंझुडपं तोडू नयेत असा नियम घातला. गोष्टीत देवता झाडाइतकीच हतबल आहे आणि तिचं दुःख बेघर झालेल्या आईचं आहे. म्हणूनच ती मनात रुतते.

त्यानंतर विहार बांधायचे थांबले नाहीत. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात वर पाहिलं तर छताला सागाच्या कमानदार फासळ्या आहेत. दगडात कोरलेल्या लेण्याला त्यांचा आधार लागत नाही. लाकडी इमारतीची आठवण म्हणून त्या बसवल्या, आणि सुमारे दोन हजार वर्षांनंतरही त्या तिथे आहेत. भिक्षूने हिरवं झाड तोडायचं नव्हतं, म्हणजे ते आणखी कोणी तरी तोडलं. कार्ल्यात दान देणाऱ्यांची नावं दगडात आहेत. धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराने दार केल्याचाही लेख आहे. सुताराचं नाव दोन हजार वर्षं टिकलं. सह्याद्रीच्या कोणत्या उतारावर, कोणाच्या कुऱ्हाडीने तो साग पडला, ते लिहावं असं कोणाला वाटलं नाही. जैन यादीत आणि कार्ल्याच्या भिंतीवर एकच गोष्ट घडली आहे. संयमी माणूस पापातून सुटला, पाप मात्र कुठे गेलं नाही. ते रानात राहणाऱ्या माणसाच्या अंगावर ढकललं गेलं, आणि त्याच पापाच्या नावाने पुढे त्याला खालचाही ठरवलं गेलं. या देशातल्या शुद्ध-अशुद्धाच्या उतरंडीत चामड्याचं, मैल्याचं, मांसाचं जे झालं तेच थोड्या सौम्य रीतीने लाकडाचं झालं, असं म्हणायला जागा आहे.

रानातल्या माणसाचा स्वतःचा धर्म काय म्हणतो, हे विचारायचं बहुधा राहून जातं. आलापल्लीच्या भोवतीचे गोंड आणि माडिया ऐनाच्या झाडात मोठ्या देवाचा वास मानतात. आपण ज्याला सण म्हणू ते त्यांचे पंडुम आहेत. मोहाचं पंडुम झाल्याशिवाय मोह वेचायचा नाही, आंब्याचं झाल्याशिवाय नवा आंबा तोंडात घालायचा नाही. देवाला आणि पूर्वजांना पहिला घास, मग माणसाला. भामरागडच्या डोंगरात माडिया पेंडा करत, म्हणजे उतारावरची झाडं तोडून, जाळून, राखेत बी फेकत आणि काही वर्षांनी जागा बदलत. इंग्रजी आणि नंतरच्या देशी साहेबांना यात निव्वळ नासाडी दिसली. मंडल्याच्या बैगा आदिवासींबद्दल व्हेरियर एल्विन यांनी १९३९च्या आपल्या ग्रंथात नोंदवलं आहे, की नांगर चालवणं म्हणजे धरणीमातेची छाती फाडणं असं ते मानत आणि म्हणून कुऱ्हाडीने बेवर, म्हणजे पेंड्यासारखीच शेती, करत. नांगरवाल्याला झाड तोडणं पाप वाटतं आणि कुऱ्हाडवाल्याला जमीन नांगरणं. दोघेही धान्यच पिकवतात. पापाची रेघ कोणी कुठे ओढली यावरून त्या माणसाने कशाशी नातं धरलं आहे ते कळतं, आणि १८९० साली बैगा चक नावाच्या एका मर्यादित पट्ट्यापुरतं बेवर कोंडणाऱ्या सरकारला ते नातं मोजता आलं नाही.

गडचिरोलीतच एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. तिथे ठाकूरदेव राहतो आणि दर जानेवारीला भोवतालच्या पट्टीतली माणसं त्याच्या यात्रेला चालत जातात. त्याच डोंगरात लोहखनिज आहे, आणि खाणही आली आहे. कुपात झाड गेलं तर थुटातून पुन्हा फुटवा येतो. डोंगराला फुटवा येत नाही. यावर अधिक बोलायला दुसरा लेख लागेल.

राजस्थानात या प्रश्नाचं एक टोकाचं आणि लखलखीत उत्तर दिलं गेलं. संत जांभोजींनी १४८५ साली घालून दिलेल्या एकोणतीस नियमांत हिरवं झाड न तोडण्याचा नियम आहे, आणि बिश्नोई हे नाव त्या वीस आणि नऊवरून आलं असं मानतात. १७३० साली जोधपूरच्या अभयसिंहाच्या बांधकामाला चुना भाजायचा होता, भट्टीला लाकूड हवं होतं. खेजडली गावात माणसं आली तेव्हा अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभी राहिली, आणि तिच्यामागोमाग आणखी माणसं. ३६३ बिश्नोई मारले गेले. या बलिदानाचा उल्लेख नेहमी होतो. बिश्नोई आपली माणसं जाळत नाहीत, पुरतात, याचा उल्लेख कमी होतो. चितेला लाकूड लागू नये हाही त्यातला एक विचार आहे. म्हणजे झाड वाचवायचं तर आधी आपल्या मरणाची रीत बदलायची. दुसऱ्याला झाड तोडू न देणं हे शौर्य आहे. स्वतःची गरजच कमी करणं हे त्याहून अवघड, आणि ते रोजचं आहे.

महाराष्ट्रात याला राज्यकारभाराची जोड मिळालेली एक नोंद आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, आरमाराच्या लाकडाचा विषय येतो. सागासारखं लाकूड राज्यातल्या रानातून परवानगीने तोडावं, कमी पडेल ते विकत आणावं. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर रयतेच्या दुःखाला पार नाही, आणि प्रजेला पीडण्याचा तो दोष राज्यकर्त्याच्या माथी येतो. एखादं झाड जुनं होऊन निकामी झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावं, जबरदस्ती करू नये. इथे वाल्याच्या बायकोचं उत्तर उलटं झालं आहे. ज्याला जहाज हवं, दोष त्याचा. कुऱ्हाड चालवणाऱ्याचं नावही त्यात नाही. अर्थात रानातल्या सागाला धनी नव्हता, त्यामुळे त्याच्यासाठी कोणाला राजी करायचं नव्हतं. ती उणीव आज्ञापत्रात राहिलीच, आणि दीडशे वर्षांनी वनकायदा नेमका त्याच फटीतून आत शिरला.

स्वातंत्र्यानंतर कायदा हळूहळू वळला. मुंबई प्रांतात १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या, ठेकेदाराच्या जागी तोडणारा स्वतः उभा राहावा म्हणून. १९७४ साली वनविकास महामंडळ आलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांना गाठलं, कारण त्यांची देवराई तोडायला काढली होती. या दोघांच्या खटपटीने ती वाचली आणि महाराष्ट्रातल्या देवरायांकडे शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं. १२ डिसेंबर १९९६ला गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या वृक्षतोडीला लगाम घातला, परवाना नसलेल्या आरागिरण्या बंद झाल्या. त्याच खटल्यात डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने राजस्थान सरकारला ओरणांची आणि देववनांची पाहणी करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करायला सांगितलं. गडचिरोलीतच धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तिथे निर्णय सर्वांच्या सहमतीने होतो, एकाचाही विरोध असेल तर थांबतात. वराहमिहिराने झाडासाठी मागितलेली ती एक रात्र इथे ग्रामसभेला मिळाली आहे.

आलापल्लीच्या पोटातली जखम मात्र वेगळी आहे. तेंदूपत्ता आणि बांबूकटाईची मजुरी इतकी हलकी होती की १९८०नंतर नक्षलवाद्यांनी या भागात पाय रोवला तो याच मजुरीचा प्रश्न हाती घेऊन. पुढे डेपो जळले, माणसं गेली, रस्त्यावरची रहदारी संध्याकाळी थांबू लागली. ज्यांच्या घामावर लाकूड शहरात पोचलं त्यांना मजुरी पुरी मिळाली नाही, हे कोणत्याही धर्माच्या यादीत उपपातक म्हणून लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं.

२९ मार्च २०२३ रोजी बल्लारपुरातून सागाच्या ओंडक्यांची शोभायात्रा निघाली. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातला साग निवडला गेला होता, आणि पहिल्या खेपेत १,८०० घनफुटांहून अधिक लाकूड जाणार होतं. काष्ठपूजन झालं, ओंडक्यांना हार घातले, ढोल-ताशे वाजले, रस्त्यात दुतर्फा लोक उभे राहिले. मंदिराची प्राणप्रतिष्ठा २२ जानेवारी २०२४ला झाली, आणि या भागातल्या पुष्कळ लोकांना आपल्या मातीतलं काहीतरी तिथे पोचलं याचा मनापासून आनंद झाला. तो आनंद खराच होता. लाकडाला हार घालणारी रीत आपल्याकडे अजून शिल्लक आहे हेही त्या दिवशी दिसलं. एवढंच की पूजा लाकडाची झाली, तोडलेल्या, मोजलेल्या, थप्पीला लागलेल्या लाकडाची. वराहमिहिराची पूजा आदल्या रात्रीची होती, झाड उभं असताना, रानात, त्या झाडावर राहणाऱ्यांना उद्देशून. दोन्हींत कुऱ्हाड आहे, अंतर आहे ते पूजा तिच्या कोणत्या बाजूला आहे याचं. पंडुम करणाऱ्या माडियाला हे सांगावं लागणार नाही. पहिला घास आधी द्यायचा असतो हे त्याला ठाऊक आहे.

बनी पार्कातल्या घरात दार बसवणाऱ्याला आदल्या रात्रीची पूजा करता येणार नाही. झाड त्याने पाहिलेलंच नसतं. तो लाकूडबाजारात जातो, फळी निवडतो, रेषा पाहतो, भावावर घासाघीस करतो. त्याच्या धर्मात झाडाला स्थान आहे, कदाचित त्याच्या आजीच्या गावी ओरणही आहे. सुतार ओंडक्याच्या फळ्या पाडतो तेव्हा टोकाचा भाग आधी कापून टाकतो, कारण तो भेगाळलेला असतो. ओंडका मोजताना टाकलेला हातोड्याचा ठसा आणि नंबर त्याच टोकावर असतात. उरलेल्या खुणा रंध्याखाली जातात, पॉलिश चढतं, कडी बसते.

आलापल्लीच्या कुपात थुटावरचा ठसा तसाच राहतो. साग बुंध्यापासून फुटतो. पहिल्या पावसात थुटाच्या कडेने कोंब येतात, त्यांची पानं माणसाच्या तळहाताहून कितीतरी मोठी होतात आणि मुलं कोवळं पान चोळून हात लाल करून घेतात. पुढच्या वर्षी झुडूप इतकं दाट होतं, की तपासणीला आलेल्या बीटगार्डाला फांद्या बाजूला करून नंबर वाचावा लागतो.